टॉमी टिपी कपांचं प्रकरण: जे उघडत नाही ते धुणार कसं?

मे 2016 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने लहान मुलांचे सुमारे 31 लाख कप परत मागवले जात असल्याचं जाहीर केलं. कप टॉमी टिपी या नावाजलेल्या ब्रिटिश ब्रँडचे होते आणि अमेरिकेत विकणारी कंपनी होती मेबॉर्न यूएसए. मुलांच्या वस्तू अशा परत मागवल्या जातात तेव्हा कारणं बहुधा ठरलेली असतात. रंगात शिसं सापडतं, एखादा भाग तुटून घशात अडकण्याची भीती असते, नाहीतर कडा धारदार निघते. इथे कारण होतं बुरशी. ती कारखान्यातून आलेली नव्हती. विकत घेतलेल्या कपात, लोकांच्या घरी, कप रोज धुतला जात असताना ती वाढली होती.

घरी वाढलेल्या बुरशीचा दोष कोणाचा, असं विचारलं की पहिलं बोट धुणाऱ्याकडे वळतं. बहुतेक घरांत मुलाचा कप आईच धुते, म्हणजे दोष आईचा. या प्रकरणात ते उत्तर टिकलं नाही. ते का टिकलं नाही, हे आपल्याला आज कळायला हवं, कारण स्टीलचे स्ट्रॉ, सिलिकॉनच्या नळ्या आणि दप्तरातली सिपरची बाटली या सगळ्या वस्तू आता आपल्याही घरात आल्या आहेत आणि त्यांच्याबद्दलचा सल्ला अजून एवढाच मिळतो: नीट धुवा.

न सांडणारा कप

न सांडणाऱ्या कपाची सगळी करामत झाकणाखालच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये असते. अशा व्हॉल्व्हमध्ये साधारणपणे मऊ सिलिकॉनच्या पडद्याला एक बारीक चीर असते. मूल ओढतं तेव्हा चीर उघडते आणि दूध येतं. ओढणं थांबलं की चीर मिटते. मग कप उलटा पडो, खाटेवरून खाली जावो, थेंब सांडत नाही. ही केवढी सोय आहे, हे तान्हं मूल घेऊन एसटीने प्रवास केलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

पण जी चीर दुधाला बाहेर सांडू देत नाही, तीच आत शिरलेलं दूध अडवूनही ठेवते. प्रत्येक घोटानंतर दोन-चार थेंब व्हॉल्व्हच्या पोकळीत राहतात. त्यांत मुलाची लाळ मिसळलेली असते, कारण ओढणं सोडताना तोंडातलं थोडं मागे जातंच. दुधातली साखर आणि प्रथिनं, लाळेतले जीवाणू, खोलीतली ऊब आणि वारा न लागणारी बंद जागा, हे सगळं तिथे एकत्र येतं.

तक्रारी आलेल्या टॉमी टिपी कपांचा व्हॉल्व्ह झाकणातून काढता येत होता. तो साबणाच्या पाण्यात टाकता येत होता, उकळताही येत होता. अडचण वेगळी होती. तो एकसंध होता, त्याचे भाग सुटे होत नव्हते. तो अपारदर्शक होता, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. आणि आत पोकळी होती, जिथे पाणी शिरत होतं पण ब्रश पोचत नव्हता. हातात घेतला की तो पांढराशुभ्र, स्वच्छ वाटायचा. आई तो रोज धुऊन, रोज बघून, रोज समाधानाने परत झाकणात बसवत होती.

कापून बघितल्यावर

फेब्रुवारी 2016 मध्ये कॅनडातल्या एका पालकाने असा व्हॉल्व्ह कापला. आत काळी बुरशी होती. घरातलं मूल वारंवार आजारी पडत होतं, म्हणून संशय आला होता. त्याचे फोटो फेसबुकवर गेले आणि झपाट्याने पसरले. मग घराघरांत लोकांनी कात्री घेतली आणि आपापल्या मुलांचे व्हॉल्व्ह कापायला सुरुवात केली. अनेकांना आत तेच दिसलं.

पुढचे आकडे आयोगाच्या जाहीर नोंदीतले आहेत. कंपनीकडे व्हॉल्व्हमध्ये बुरशी आढळल्याच्या 3,066 तक्रारी आल्या होत्या. त्यांपैकी 68 तक्रारींत बुरशी असलेल्या कपातून मूल प्यायलं आणि त्याला जुलाब, उलट्या अशी लक्षणं दिसली, असं म्हटलं होतं.

तीन हजारांहून जास्त घरांतल्या लोकांना एकाच वेळी भांडी घासता येईनाशी झाली, असं कोणी म्हणू शकेल का? धुण्यातली चूक घरागणिक वेगळी असते. कोणी साबण कमी लावतं, कोणी गरम पाणी वापरत नाही, कोणी रात्रभर तसंच ठेवतं. इथे सगळ्यांच्या घरी बुरशी एकाच जागी, एकाच पोकळीत सापडत होती. चूक जेव्हा इतकी एकसारखी असते तेव्हा ती माणसांत शोधायची नसते, वस्तूत शोधायची असते.

आयोगाने कारण लिहिलं ते साधारण असं: व्हॉल्व्ह ओला राहिला आणि वारंवार धुतला गेला नाही तर त्यात बुरशी वाढू शकते. वाक्य वाचलं तर भार अजूनही धुणाऱ्यावर आहे. पण कृती वेगळी झाली. कंपनीला ‘नीट धुवा’ असं पत्रक वाटून थांबता आलं नाही. कप वापरणं थांबवा, आम्ही मोफत बदलून देतो, असं सांगावं लागलं. आणि जो नवा व्हॉल्व्ह आला तो दोन भागांचा, उघडून धुता येईल असा होता. या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यांत बोलकी वाटणारी गोष्ट हीच आहे. उपाय म्हणून साबण बदलला नाही, पाण्याचं तापमान बदललं नाही, आयांना प्रशिक्षण दिलं नाही. वस्तू उघडेल अशी केली.

68 या आकड्याकडे कसं बघायचं

इथे थोडं थांबून काळजीपूर्वक बोललं पाहिजे, कारण मुलांच्या आजाराबद्दल घाबरवणं सोपं असतं आणि त्याने कोणाचंच भलं होत नाही.

68 मुलांना जुलाब-उलट्या झाल्या, ही नोंद आहे. त्या बुरशीमुळेच झाल्या, असं सिद्ध झालेलं नाही. आयोगाची भाषाही ‘बुरशी किंवा दूषित पेयाशी संबंध असू शकेल अशी लक्षणं’ इतकीच आहे. एक-दोन वर्षांच्या मुलांना जुलाब इतक्या कारणांनी होतात की कपातली बुरशी आणि पोटदुखी एकाच आठवड्यात आढळली म्हणून एकाने दुसरं झालं, असं म्हणता येत नाही. धडधाकट मुलाच्या पोटात चुकून थोडी बुरशी गेली तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. पोटातलं आम्ल आपलं काम करतं.

मग काळजी कशाची? एक तर त्या मुलांची, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे: अपुऱ्या दिवसांची बाळं, कर्करोगाचे उपचार चालू असलेली मुलं, काही औषधांमुळे संरक्षण दबलेली मुलं. घरातली आजी-आजोबा मंडळीही यात मोजली पाहिजेत. दुसरं म्हणजे, काळी बुरशी डोळ्यांना दिसते म्हणून आपण दचकतो, पण जिथे बुरशी वाढण्याइतकं अन्न आणि ओल आहे तिथे जीवाणू तिच्याआधीच वस्तीला आलेले असतात. ते दिसत नाहीत. पृष्ठभागावर आधी प्रथिनांचा अदृश्य थर बसतो, त्याला जीवाणू चिकटतात, आणि मग ते स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं ते हेच. याला जैवपटल म्हणतात. नुसतं पाणी ओतून ते निघत नाही. साबणाच्या पाण्यात भिजवूनही पुरतं निघत नाही. ते घासावंच लागतं.

आणि उकळण्यावर आपला जो भाबडा विश्वास असतो त्याबद्दलही सांगायला हवं. उकळल्याने बहुतेक जीवाणू आणि बुरशी मरतात, हे खरं. पण शिळ्या दुधात वाढणारे काही जीवाणू जे विष सोडतात ते उकळूनही नष्ट होत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं तसं असतं, बॅसिलस सेरियसचं उलटी आणणारं विषही तसंच. त्यामुळे आत दूध साचलेली वस्तू उकळणं म्हणजे ती स्वच्छ झाली असं नाही. आधी साचलेलं निघालं पाहिजे, मग उकळण्याला अर्थ आहे.

त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियात

टॉमी टिपीचे व्हॉल्व्ह कापले जात होते त्याच 2016 च्या वसंतात पेन्सिल्व्हेनिया राज्यात अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर साकाझाकी या जीवाणूचा गंभीर संसर्ग झाला. हा जीवाणू बहुधा पावडरच्या दुधाशी जोडला जातो. इथे बाळाला आईचं, पंपाने काढलेलं दूध दिलं जात होतं. तपासात जीवाणू सापडला तो दुधात, पंपाच्या भागांत आणि घरातल्या सिंकच्या ड्रेनमध्ये.

पंपाचे भाग साबणाच्या पाण्यात कित्येक तास भिजत ठेवले जात, मग विसळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले जात. घासणं होत नव्हतं. नवजात बाळ रुग्णालयात, आई दर काही तासांनी दूध काढतेय, आणि ती भाग भिजवून ठेवतेय कारण भिजवलं की निघतं असं आपण सगळेच मानतो. तिला दोष देण्याचा विचारही मनात येऊ नये. पण त्यातून जे कळलं ते फार मोलाचं आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, पुढे पंप धुण्याबद्दल तपशीलवार सूचना दिल्या. भाग थेट सिंकमध्ये ठेवू नका, वेगळं पातेलं किंवा टब ठेवा. वेगळा ब्रश ठेवा. भांडी पुसायच्या फडक्याने पुसू नका. पूर्ण कोरडं होऊ द्या.

आपल्या स्वयंपाकघरात या चारही सूचना अवघड वाटतात, हे मान्य आहे. सिंक एकच, घासणी एकच, फडकं तर खांद्यावरच असतं. तरीही निदान लहान बाळाच्या आणि आजारी माणसाच्या वस्तूंसाठी एक स्टीलचं पातेलं आणि एक ब्रश वेगळा ठेवणं बहुतेक घरांना जमण्यासारखं आहे.

स्टारबक्सचे स्ट्रॉ आणि दुसऱ्या प्रकारचा उपाय

ऑगस्ट 2016 मध्ये याच आयोगाने आणखी एक मोठी घोषणा केली. स्टारबक्सचे स्टेनलेस स्टीलचे स्ट्रॉ, अमेरिकेत सुमारे 25 लाख आणि कॅनडात सुमारे 3 लाख. कडक धातूमुळे लहान मुलांच्या तोंडाला जखम होण्याचा धोका होता. अमेरिकेतून तीन आणि कॅनडातून एक अशा तक्रारी आल्या होत्या. उपाय काय दिला? नवा इशारा. लहान मुलांना हे स्ट्रॉ हाताळू देऊ नका.

दोन्ही निर्णय शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. एकात वस्तू बदलली, दुसऱ्यात सूचना बदलली. स्ट्रॉच्या बाबतीत सूचना पुरेशी आहे असं मानायला जागा आहे, कारण धोका डोळ्यांना दिसतो. कडक धातूची नळी तोंडात घेऊन धावणारं मूल बघितलं की कोणीही ओरडेल. इंग्लंडमध्येही 2019 साली एका अपघाती मृत्यूच्या चौकशीनंतर घट्ट झाकणात अडकवलेला धातूचा स्ट्रॉ वापरू नये असा इशारा कोरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, दिला होता. दिसणाऱ्या धोक्याला इशारा चालतो. जो धोका पांढऱ्या रबरी भिंतीच्या आत आहे, त्याला इशारा चालत नाही, कारण ज्याला इशारा द्यायचा तो माणूस बघणार काय आणि सावध होणार कशावरून?

आणि इथेच स्टीलच्या स्ट्रॉची दुसरी बाजू येते, ज्याबद्दल त्या घोषणेत काहीच नव्हतं. स्ट्रॉसुद्धा अपारदर्शक, एकसंध आणि आतून पोकळ आहे.

आपल्या घरातला स्ट्रॉ

महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. देशभर 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे स्ट्रॉ बंद झाले. मी या बंदीच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो. समुद्रकिनारे, नाले, गुरांची पोटं यांची अवस्था आपण बघितलेली आहे. पण एक वस्तू गेली की तिच्या जागी दुसरी येते, आणि त्या दुसऱ्या वस्तूचा हिशेब त्याच दिवशी मांडायला हवा होता. बाजारात कागदाचे स्ट्रॉ आले, आणि घरांत स्टील, बांबू, तांबं, काच, सिलिकॉन. चार स्ट्रॉ, एक बारीक ब्रश आणि कापडी थैली, असा संच भेटवस्तू म्हणून चांगला चालला.

इतिहासात हे चक्र एकदा उलटं फिरलं होतं. अमेरिकेत रुग्णालयांमध्ये आजाऱ्यांना पाणी पाजायला पूर्वी काचेच्या नळ्या असत, त्या प्रत्येक वापरानंतर निर्जंतुक कराव्या लागत. जोसेफ फ्रीडमन यांच्या वाकणाऱ्या कागदी स्ट्रॉचं पहिलं गिऱ्हाईक 1947 साली एक रुग्णालयच होतं. फेकून देता येतं, धुवावं लागत नाही, हाच त्याचा गुण होता. आता पर्यावरणासाठी आपण पुन्हा धुवायच्या नळीकडे आलो आहोत, आणि ते योग्यही आहे, पण धुण्याचा प्रश्न जिथे सोडला होता तिथेच उभा आहे.

स्टीलबद्दल एक चांगली गोष्ट आधी नोंदवतो. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या संशोधकांनी 39 ब्रँडचे स्ट्रॉ तपासले आणि 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पीएफएएस या, शरीरात आणि निसर्गात दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या रसायनांचा त्यांनी शोध घेतला. कागदी 20 पैकी 18 ब्रँडमध्ये आणि बांबूच्या 5 पैकी 4 मध्ये ती सापडली. स्टीलच्या पाचही ब्रँडमध्ये सापडली नाहीत. प्रमाण अल्प होतं आणि कधीमधी वापरण्याने मोठा धोका नाही, असंही त्यांनी म्हटलं. तरी निवड करायची तर धातू म्हणून स्टील चांगलं आहे. अडचण आहे ती आकाराची.

सहा मिलिमीटरच्या आसपास भोक आणि वीतभर लांबी. यात पाणी ओतलं तर ते सरळ वाहून जातं, भिंतीला घासत नाही. घासणी आत जात नाही. उपडा ठेवला तरी टोकाशी पाण्याचा थेंब अडकून बसतो आणि आतली हवा हलत नाही, म्हणून तो लवकर सुकत नाही. मिल्कशेक, लस्सी, मँगो पल्प, प्रोटीन शेक यांच्यातली चरबी आणि प्रथिनं भिंतीला धरतात. बोअरच्या जड पाण्याच्या गावांत वर क्षाराचा खरखरीत थर बसतो, आणि खरखरीत जागेवर जैवपटलाला पाय रोवायला आणखी सोपं जातं. लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून तो क्षार काढता येतो.

मग काय करायचं? सगळ्यांत आधी, स्ट्रॉ घेतानाच सरळ घ्यायचा. वाकडा स्ट्रॉ दिसायला बरा, तोंडाला सोयीचा, पण त्याच्या वळणात काय आहे हे कधीच दिसणार नाही. सरळ स्ट्रॉ उजेडाकडे धरला की एका टोकातून दुसऱ्या टोकापर्यंत दिसतं. कुकरचं झाकण लावण्याआधी आपण शिटीखालची नळी उजेडाकडे धरून बघतो, तसं हे बघायचं. आत गडद पट्टा दिसला, काही धरलेलं दिसलं, तर तो स्ट्रॉ त्या दिवशी वापरायचा नाही. काचेचा स्ट्रॉ या एका गुणासाठी सगळ्यांत सरस आहे, फक्त लहान मुलांच्या हाती देऊ नये. सिलिकॉनचा मऊ, मुलांना सुरक्षित, उकळता येतो. काही ब्रँडचे स्ट्रॉ लांबीत उघडतात आणि पुन्हा मिटतात. टॉमी टिपी प्रकरणाचा धडा एखाद्या उत्पादकाने मनावर घेतला तर तो अशीच वस्तू बनवेल. बांबूचा मी रोजच्या वापरासाठी सुचवत नाही. लाकूड ओल पितं, आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी येते, तिथे बांबूच्या नळीच्या आत काय होईल हे वेगळं सांगायला नको. तांब्याच्या स्ट्रॉने तर लिंबू सरबत, ताक, कोकम असं काहीही आंबट पिऊ नये. कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी योग्य नाहीत, असं आपला अन्नसुरक्षेचा नियमच सांगतो, आणि स्ट्रॉला कोणी कल्हई करत नाही.

धुताना वेळेला फार महत्त्व आहे. पिऊन झाल्या झाल्या कोमट पाणी आतून सोडलं तर निम्मं काम होतं. वाळल्यावर तेच काम चौपट होतं. दुधाच्या पदार्थाला सुरुवातीलाच कढत पाणी वापरू नये, प्रथिनं भिंतीला आणखी घट्ट धरतात. मग साबण आणि ब्रश, दोन्ही टोकांकडून. ब्रश स्ट्रॉपेक्षा आखूड असेल तर मधला भाग कधीच घासला जात नाही, संचातला ब्रश एकदा मोजून बघावा. ब्रशही धुऊन वाळवायचा असतो, हे बहुतेक घरांत राहून जातं. उकळताना नळी पूर्ण बुडाली पाहिजे आणि आत हवेचा बुडबुडा अडकता कामा नये, जिथे हवा आहे तिथे उकळतं पाणी पोचत नाही. मुलांच्या बाटल्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने हीच सूचना दिलेली आहे. शेवटी उभा ठेवून पूर्ण वाळवायचा. ती सुंदर कापडी थैली प्रवासापुरती, आणि तीही स्ट्रॉ खडखडीत कोरडा झाल्यावर. ओला स्ट्रॉ थैलीत गेला की धुण्याची सगळी मेहनत वाया जाते.

शाळेच्या सिपर बाटल्यांकडे पालकांनी आजच बघावं, असं मी आग्रहाने सांगेन. झाकणातली नळी, तिच्या वरचं रबरी तोंड, झाकणातली रबरी रिंग, हवा आत घेणारं छोटं भोक. यांतला प्रत्येक भाग सुटा होतो का? होत नसेल तर बाटली कितीही महाग असो, पुढच्या वेळी दुसरी घ्यावी. पाण्यापुरती ती चालून जाईल. दूध, ताक, सरबत त्यात घालू नये.

व्हॉल्व्ह हवाच का?

टॉमी टिपी प्रकरण घडण्याच्या आधीपासून अमेरिकन डेंटल असोसिएशन पालकांना सांगत होती की शिकाऊ कप घ्यायचा तर व्हॉल्व्ह नसलेला घ्या. त्यांचं कारण वेगळं होतं. व्हॉल्व्हच्या कपातून मूल घोट घेत नाही, ओढतं. म्हणजे ती बाटलीच झाली, आणि दिवसभर गोड पेय दातांना लागत राहतं. दातांच्या डॉक्टरांनी जो भाग नको म्हटला त्याच भागात पुढे बुरशी सापडली.

आपल्याकडे 1992 चा कायदा आहे, जो अर्भकांच्या दुधाचे पर्याय आणि दूध पाजायच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला मनाई करतो. त्यातल्या ‘बाटली’च्या व्याख्येत निपलबरोबर व्हॉल्व्हचाही स्पष्ट उल्लेख आहे. आणि मराठी घरांत तर पिढ्यान्‌पिढ्या बोंडलं होतं. चांदीचं असो वा स्टीलचं, उघडं भांडं, पुढे छोटी चोच, आत बोट फिरवून घासता येईल असं. वाटी-चमचाही तसाच. दूध सांडतं, कपडे खराब होतात, वेळ लागतो, हे सगळं खरं. पण आत काय आहे ते दिसतं. सहा महिन्यांनंतर वरचं पाणी-दूध द्यायला लागल्यावर छोटी उघडी वाटी आणि थोडा धीर, यापेक्षा सोपी गोष्ट बालरोगतज्ज्ञही सहसा सुचवत नाहीत.

अशी वस्तू हाती आली तर

सिपर किंवा स्ट्रॉचा एखादा भाग उघडत नाही आणि आत बुरशी सापडली, तर ती गुपचूप कचऱ्यात टाकून स्वतःला बोल लावत बसू नये. फोटो काढावा, बिल आणि खोका जपावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाची जबाबदारी पाच अंगांनी सांगितली आहे, त्यांतली तीन इथे कामाची: बनवण्यातला दोष, आराखड्यातला दोष, आणि योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणं. आराखड्यातला दोष हे शब्द कायद्यात आहेत, ते तक्रारीत लिहावेत. त्याच कायद्याखाली 2020 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल परत मागवण्याचा आदेश देता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. एका तक्रारीने काही होत नाही असं वाटतं; मेबॉर्नच्या कपांचं प्रकरण एका घरात कापलेल्या एका व्हॉल्व्हने उघडकीला आलं, आणि मग 3,066 तक्रारी त्याच्यामागे उभ्या राहिल्या.

ज्यांना स्ट्रॉशिवाय पिताच येत नाही, अशी माणसं आपल्या घरांत आणि शेजारी आहेत: कंपवाताने हात थरथरणारी, अर्धांगवायूनंतर अंथरुणावर असलेली, मान वळवता न येणारी. कडक धातूचा स्ट्रॉ त्यांच्या दातांना आणि हिरड्यांना धोक्याचा आहे, आणि त्यांचीच प्रतिकारशक्ती बहुधा कमी असते. गिळायला त्रास होत असेल तर स्ट्रॉ द्यावा की नाही हे आधी डॉक्टरांना किंवा गिळण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या थेरपिस्टला विचारावं. द्यायचा ठरला तर मऊ सिलिकॉनचे, सरळ, पाच-सहा स्ट्रॉ एकदम घ्यावेत, म्हणजे एक वापरात असताना बाकीचे पूर्ण वाळायला वेळ मिळतो. रोज एकदा धुऊन झाल्यावर पाच मिनिटं उकळावेत, आणि रंग बदलला, चिकट लागले, चीर पडली तर लगेच बदलावेत.